वाचनकक्षाच्या रक्षणार्थ भरवलेले अधिवेशन

मनुष्याने कोणत्याही संघटनेत शिरण्यापूर्वी तिची घटना वाचावी, असे माझे मत आहे. मी ती वाचली होती, आणि वाचताना तिच्या समासात पेन्सिलीने आक्षेपही नोंदवले होते. त्यामुळे माझे पुढे जे झाले ते अज्ञानामुळे झाले, असे म्हणण्याची सोय माझ्या हितशत्रूंना उरलेली नाही. ते ज्ञानामुळेच झाले.

प्रकरणाचा आरंभ कापसापासून आहे. सन दोन हजार पाचच्या त्या हंगामात कापसाचा भाव असा पडला की, विकणारा विकेना आणि घेणाऱ्याला घेतलेला माल ठेवायला जागा मिळेना. नेर-दारव्हा रस्त्यावरच्या ज्या महाविद्यालयाचा मी ग्रंथपाल, त्याच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांची कुंपणालगतच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याची गिरणी, होती. जिनिंगचे आवार भरले. मग आमचे सायकलस्टँड भरले. मग व्यायामशाळा भरली. तिचा वापर कोणी करीत नसल्यामुळे ती गेल्याचे व्यायामशिक्षकांना आठवड्याने कळले. प्रेमिकाला जिकडेतिकडे प्रियेचे मुख दिसावे, तशी बापूसाहेबांना त्या दिवसांत जिकडेतिकडे जागा दिसू लागली होती. अशा अवस्थेत ते एके सकाळी माझ्या वाचनकक्षात आले आणि आढ्याकडे पाहू लागले.

"वामनराव, दालन मोठं झकास हाय. वरून गळत बी नाही."

"येथे विद्यार्थी वाचतात," मी म्हणालो.

"वाचतात त चांगलंच हाय. पन वाचाले एवढी उंची काहून पाह्यजे?"

ग्रंथालयशास्त्राचा मी आयुष्यभर अभ्यास केला आहे. या प्रश्नाचे उत्तर मला त्यात कोठे आढळलेले नाही.

"हंगामापुरतं म्हनतो मी," बापूसाहेब म्हणाले. "रिकामं असतं त."

"रिकामे नाही. कपाटे आहेत, ग्रंथ आहेत."

"नाही ना? मंग राहू द्या." आणि ते गेले, परंतु जाताना त्यांनी खेमसिंगला, म्हणजे ग्रंथालयाच्या शिपायाला, दालनाची लांबी पावलांनी मोजायला लावली. पावले मोजणाऱ्या मनुष्याचा विचार पूर्णपणे मावळलेला नसतो.

आता वाचनकक्षात वाचते कोण, हे सांगितले पाहिजे. प्राध्यापक वाचत नाहीत. तो आक्षेप मी अन्यत्र सविस्तर मांडला आहे. वाचणाऱ्या म्हणजे खिडकीपाशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या सात-आठ मुली, आणि त्यांत प्रमुख सुरभी. ती माझे शेजारी मारोतराव यांची कन्या. तिला तलाठ्याच्या परीक्षेला बसायचे होते आणि घरात तिला बसायला जागा नव्हती. मारोतरावांनी पडत्या भावात कापूस विकायचे साफ नाकारले होते आणि तो घरात भरला होता. पुढच्या खोलीत कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवाच्या मानेपर्यंत कापूस. चुलीपाशी तेवढी माणसांना जागा होती, आणि ती मारोतरावांच्या पत्नी भागीरथाबाई कोणाला देत नसत. तेव्हा माझा वाचनकक्ष गेला असता तर सुरभीची परीक्षाही गेली असती. इतके साधे ते गणित होते, आणि म्हणूनच संघटनेला ते शेवटपर्यंत कळले नाही.

संघटनेत जाण्याचा सल्ला मारोतरावांचाच.

"सर, एकटे भांडून राह्यले तुमी," ते कुंपणावरून म्हणाले. "एकट्या मानसाले कोनी पुसत नाही. आमी एकट्यानं भांडून पाह्यलं. काय झालं? कापूस घरात अन् मी आंगनात. तुमच्यावाली काही संघटना-बिंघटना नाही का?"

"आहे ना, विद्यापीठातल्या ग्रंथपालांची," आतून माझ्या पत्नीने, सुहासिनीने, उत्तर दिले. "हे तिच्यात गेले तर ती टिकेल का, तेवढाच प्रश्न आहे."

संघटनेची जिल्हा शाखा यवतमाळला एका मंगल कार्यालयाच्या मागल्या खोलीत भरत असे. अध्यक्ष डॉ. इंगोले हे निवृत्त झालेले, सौम्य आणि बहुधा अर्धनिद्रित असे गृहस्थ होते. चिटणीस सलील देवपुजारी हा तरुण होता आणि एका कानाने भ्रमणध्वनी व दुसऱ्याने सभा ऐकत असे. सभेपुढील विषय एकच असायचा: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मागील सभेतही तेवढेच झालेले असल्यामुळे मतभेदाला वाव नसे. विद्वानांची संघटना इतक्या वर्षांत फुटली नाही याचे रहस्य मला त्या खोलीत उमगले.

माझ्या प्रवेशाला प्रथम हरकत निघाली की, संघटना विद्यापीठातील ग्रंथपालांची आहे आणि मी संलग्न महाविद्यालयातला. मी उभा राहून सप्रमाण दाखवून दिले की, उपस्थितांपैकी एकही सदस्य विद्यापीठाच्या आवारात काम करीत नाही. तेव्हा मी अपात्र असेन तर ही सभाच अस्तित्वात नाही. मग चहा आला आणि मला सदस्य करून घेण्यात आले.

मी वाचनकक्षाचा प्रश्न मांडला व निषेधाचा ठराव मागितला.

"ठराव अधिवेशनातच होतो," डॉ. इंगोले डोळे उघडून म्हणाले.

"अधिवेशन केव्हा आहे?"

"तुम्ही घ्याल तेव्हा. आपली रीत अशी आहे वामनराव, की ठराव ज्याचा, अधिवेशन त्याच्याकडे."

"आणि यजमान संस्थेचे अध्यक्ष स्वागताध्यक्ष," सलीलने भ्रमणध्वनी छातीशी धरून भर घातली.

मी म्हणालो, "म्हणजे ज्यांच्याविरुद्ध निषेध करायचा, त्यांनाच आपण स्वागताध्यक्ष करणार?"

"सर, निषेध काय, जेवणानंतरही करता येतो. पण जेवण कोण देणार?"

हा युक्तिवाद सदोष होता. त्यातील दोष मी यवतमाळहून नेरला येणाऱ्या एस.टी.त पूर्णपणे शोधून काढले. परंतु तोवर मला अधिवेशनाचा कार्यवाह नेमण्यात आले होते.

बापूसाहेबांना विचारायला मी गेलो तेव्हा ते अडचणी काढतील, अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना आशा होती. ते हर्षभरित झाले. "लायब्ररीवाले येऊन राह्यले त आपल्या लायब्ररीतच होऊ द्या अधिवेशन! जेवन माह्याकडून. पाटोडीचा रस्सा ठेवू, झन्नाट."

रस्सा या शब्दापाशी माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला.

व्यवस्था पाहण्यासाठी कार्यकारिणी आमच्याकडे आली तेव्हा सर्वांचे म्हणणे एकच पडले की, कपाटे भिंतीशी सरकवावीत, वर चादरी टाकाव्यात, की झाले. मी उभा राहिलो. वऱ्हाडातल्या पाटोडीच्या रश्शावर जो तेलाचा तवंग असतो तो कागदावर पडल्यास काय होते, याचे विवेचन मी केले. धर्मशास्त्राच्या एका अप्राप्य ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मागच्या स्नेहसंमेलनात पडलेला डाग मी सर्वांना हातात देऊन दाखवला. डॉ. इंगोल्यांनी तो हुंगला. मग मी नियमाचा मसुदाच वाचून दाखवला: ज्या दालनात भोजन वा सत्कार होणार असेल त्यातून सर्व ग्रंथ हलवावेत, ग्रंथ बाहेर असेपर्यंत त्या दालनास वाचनकक्ष म्हणू नये, कारण ग्रंथांवाचून वाचनकक्ष ही संकल्पनाच असंभव आहे, ग्रंथ परत आत नेण्यापूर्वी संघटनेच्या त्रिसदस्य समितीने त्यांची पडताळणी करावी, पडताळणीपर्यंत एकही ग्रंथ कोणास देऊ नये, आणि पक्षपाताचा संशय नको म्हणून यजमान ग्रंथपाल त्या समितीत नसावा.

"सर, कशाला एवढं?" सलील म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न."

"प्रश्न दिवसाचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो, आणि तत्त्व समजावून सांगितले. जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा नियम एकमताने संमत झाला. इतक्या निर्दोष रचनेचा नियम या जिल्ह्यात पूर्वी झाला नसावा. त्याचे प्रत्येक वाक्य दुसऱ्याला असे जखडलेले होते की, मध्ये सुईसुद्धा शिरू नये. ती सुई पुढे मलाच शिरवायची होती, हे निराळे.

रात्री जेवताना मी तो सुहासिनीला वाचून दाखवला.

"म्हणजे खोली रिकामी तुम्हीच करून देणार?"

"तात्पुरती."

"बापूसाहेबसुद्धा तात्पुरतीच म्हणत होते ना?"

दोन तात्पुरतेपणांतला तात्त्विक भेद मी तिला सांगू लागलो. भाजी निवली. तिने ती गरम केली नाही.

ग्रंथ हलवायचे ते रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत. मी प्रत्येक कप्प्याचा गठ्ठा सुतळीने बांधून, क्रमांक घालून, वर्गीकरणाच्या क्रमानेच नेण्याचा आग्रह धरला. आधी सामान्य ज्ञान, मग तत्त्वज्ञान, मग धर्म. समाजशास्त्राचे कपाट दाराजवळ असूनही त्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागले.

"सर, दाराजोळचं आधी नेलं त काय बिघडते?" खेमसिंगने विचारले.

"क्रम बिघडतो."

"क्रम परत लावता येते. कंबर नाही लावता येत." आणि तत्त्वज्ञानाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन तो व्हरांड्यातून जे काही पुटपुटत गेला त्याचे वर्गीकरण मी केले नाही.

अधिवेशनाच्या दिवशी दालन खरोखर भव्य दिसत होते. इतके रिकामे मी ते कधी पाहिले नव्हते. पहिले सत्र सत्कारांचे होते. अध्यक्षांनी स्वागताध्यक्षांचा, स्वागताध्यक्षांनी अध्यक्षांचा, चिटणिसांनी दोघांचा आणि दोघांनी चिटणिसांचा सत्कार केला. आर्णीचे एक ग्रंथपाल पाणी प्यायला म्हणून व्यासपीठाजवळून चालले होते, त्यांनाही शाल घालण्यात आली. श्रीफळे संपली तेव्हा आधी दिलेली मागून घेऊन पुन्हा देण्यात आली. माझा सत्कार व्हावयाचा राहिला. कार्यवाह हा घरचाच माणूस, असे मला सांगण्यात आले.

मग बापूसाहेब बोलायला उठले.

"मले पुस्तकाईचा लय नाद," ते म्हणाले. "म्या बी वाचली असती, पन वेळ नाही भेटला. आमच्या वामनरावांनी हे दालन असं मोकळं करून ठेवलं, का मले आज पह्यल्यांदा त्याचा खरा आकार दिसला." बोलताना त्यांची दृष्टी श्रोत्यांवर नव्हती. ती एका कोपऱ्यातून निघून आढ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश जात होती. टाळ्या पडल्या. त्यांतल्या काही माझ्याही होत्या, कारण मी सभ्य मनुष्य आहे.

माझा ठराव भोजनापूर्वी घेण्यात आला. मूळ मसुद्यात "तीव्र निषेध" असे शब्द होते. सलील म्हणाला की स्वागताध्यक्ष समोर बसलेले असताना तीव्र नको. तीव्र गेले. मग एका सदस्याने सुचवले की नुसता निषेध बोडका दिसतो, त्यापेक्षा "चिंता" बरी. चिंतेला दुसऱ्याने हरकत घेतली की, चिंता अशुभ आहे आणि आता पंगती मांडायच्या आहेत. "लक्ष वेधते" यावर सर्वांचे समाधान झाले. कोणाचे लक्ष, असा प्रश्न निघाल्यावर, जे हजर आहेत त्यांचेच वेधणे सोयीचे, असे ठरले. अशा रीतीने वाचनकक्षाच्या रक्षणार्थ भरलेल्या अधिवेशनाने एकमताने ठराव केला की, हे अधिवेशन या दालनाकडे स्वागताध्यक्षांचे सादर लक्ष वेधीत आहे.

ते आधीच वेधले गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात पोचलो तेव्हा दारापाशी ट्रॅक्टर उभे होते आणि वाचनकक्ष खिडक्यांच्या चौकटीपर्यंत पांढरा झालेला होता. "धूम्रपान निषिद्ध" ही माझी पाटी बापूसाहेबांच्या माणसांनी धुऊनपुसून अधिक ठळक जागी लावली होती. ती पाळली जात असल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

मी तडक बापूसाहेबांकडे गेलो.

"तुमचाच नेम हाय ना, वामनराव?" ते शांतपणे म्हणाले. "सलीलभाऊनं मले छापील देला. पुस्तकं आत नसली त तो वाचनकक्ष नाही. मंग म्या वाचनकक्षात कापूस ठेवलाच कुठी?"

रचना निर्दोष होती. विरोधकाने आपले गद्य इतक्या बारकाईने वाचावे, असे कोणत्या लेखकाला वाटत नाही? परंतु ती इच्छा अशा ठिकाणी फळाला यावी, याला दैवदुर्विलास म्हणतात.

"पडताळणी झाली का पुस्तकं परत आणा, मी कापूस उचलतो," त्यांनी वचन दिले. त्यांनी समितीविषयी माझ्यापेक्षा अधिक विचार केला होता.

समितीत डॉ. इंगोले होते, सलील होता, आणि तिसरा सदस्य मिळेना. आर्णीचे ग्रंथपाल तयार होते. परंतु अध्यक्ष-चिटणिसांचा सत्कार पदाचा होता, यांचा मात्र आमच्या दालनात व्यक्तिशः झालेला असल्यामुळे ते निःपक्षपाती ठरतात की नाही, अशी शंका निघाली. खेदाची गोष्ट ही की ती शंका योग्य होती. दोघांनीच यावे म्हणून मी विनवले. "त्रिसदस्य, वामनराव," डॉ. इंगोले दूरध्वनीवर हळहळले. "तुम्हीच लिहिलंय. आणि फार सुंदर लिहिलंय."

मारोतराव कुंपणापाशी वाटच पाहत होते. "तुमच्या बी घरात शिरला म्हना कापूस! संघटनेत जा म्हनलं होतं मी, संघटनाच घरी आना असं नोतं म्हनलं."

ते हसले, पण सुरभी हसली नाही. ती त्या दिवसांत महाविद्यालयाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकून वाचत असे आणि उन्हाबरोबर सरकत असे. एकदा ती उठून माझ्याकडे आली.

"सर, परीक्षेच्या आदी येते का तुमची समिती?"

मी तिला समितीची घटना, तिसऱ्या सदस्याचा प्रश्न, निःपक्षपाताची व्याख्या व तिच्यातील दोन पक्ष समजावून सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले.

"म्हंजे नाही येत," ती म्हणाली, आणि सतरंजी सावलीत ओढून पुन्हा बसली.

माझ्या एका प्रदीर्घ प्रतिपादनाचा इतका अचूक सारांश आजवर कोणत्याही समीक्षकाने केलेला नाही. मला तो आवडला नाही. मी घरी आलो आणि न जेवता खुर्चीत बसलो.

"पुढची खोली रिकामी करा," सुहासिनी म्हणाली.

"कोणती?"

"ही. तुम्ही बसला आहात ती. मुली इथे वाचतील."

"येथे माझी बैठक आहे. माझे लेखन आहे."

"लेखनानं काय होतं ते पाहिलं की आपण!" आणि तिने माझ्या खुर्चीचा एक पाय उचललासुद्धा.

मुली दुसऱ्या दिवशी आल्या. खोली मिळाली, तरी ग्रंथ कोठून आणायचे? जमीन महसुलाची, पंचायत राज्याची, अंकगणिताची पुस्तके प्रयोगशाळेत सुतळीने बांधून पडली होती, आणि पडताळणीपर्यंत एकही कोणास देऊ नये असा नियम होता. मी प्रयोगशाळेत जाऊन त्या गठ्ठ्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो. नियमाला पळवाट आहे का, हे मी सर्व बाजूंनी तपासले. पळवाट नव्हती. मी ठेवलीच नव्हती.

"सर, सोडू का सुतळी?" खेमसिंगने विचारले. "नेमात बसते का?"

"बसत नाही."

"मंग?"

"सोड," मी म्हणालो.

प्रत्येक पुस्तक प्रत्येक मुलीच्या नावावर मी रीतसर चढवले. नियम मोडायचा तर तोही नियमाने मोडावा.

ही वार्ता यवतमाळला कशी पोचली ते ठाऊक नाही. बापूसाहेबांचे दोन्ही कान शाबूत आहेत. पुढच्याच रविवारी डॉ. इंगोले व सलील आमच्या ओसरीवर प्रकटले. कार्यकारिणीची तातडीची सभा होती. आरोप दोन होते: पडताळणीपूर्वी ग्रंथ बाहेर देणे आणि खासगी घरात अनधिकृत वाचनकक्ष चालवणे. पहिल्या आरोपावर मला बोलायचे नव्हते. दुसऱ्यावर मात्र मी उसळलो. वाचनकक्षाला अधिकृतता ग्रंथांमुळे येते, वाचकांमुळे येते, की दालनाच्या मालकामुळे येते, असा त्रिविध प्रश्न मी उपस्थित केला व पहिल्या विकल्पाच्या खंडनाला हात घातला. माझा आवाज चढला असावा. दार उघडले आणि सुरभी बाहेर आली.

"सर, कायले एवढे कल्लावून राह्यले तुमी? आत वाचनं होत नाही. भांडाचं असंन त रोडावर जा."

दार लागले. आतून कडीही लागली. माझ्याच घराची.

आम्ही तिघे रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेलो. तेथे बाक एकच होते. ते अध्यक्षस्थान मानून डॉ. इंगोले त्यावर बसले. सलीलने माझे सदस्यत्व रद्द करण्याचा ठराव मांडला. अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही, आणि मांडणाऱ्याला आपल्याच ठरावाला अनुमोदन देता येत नाही. दोघेही चहा फुंकीत माझ्याकडे पाहू लागले.

मी ठराव वाचायला मागितला. आरोप खरा होता. भाषा ढिली होती. एके ठिकाणी "सबब" हवे होते तेथे "म्हणून" घातले होते, ते मी दुरुस्त केले. मग त्याला अनुमोदन दिले. नियमबाह्य रीतीने हाकलले जाणे मला कधीच मानवले नसते.

डॉ. इंगोले गहिवरले. "वामनराव," ते माझा हात धरून म्हणाले, "नियमाची एवढी चाड असलेला माणूस आपल्या संघटनेत असायला पाहिजे होता."

"होते सर, आत्तापर्यंत होते," सलील म्हणाला.

ही दुरुस्ती इतिवृत्तात घ्यावी, असे मी सुचवले. परंतु मी आता सदस्य नसल्यामुळे माझी सूचना विचारात घेता आली नाही.